आधी विचारणारे हात : सोलापुरातील मालिश आणि अभ्यंगसेवांचा पाच महिन्यांचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत स्वयंपाकघरातील वरच्या फळीवरून शेंगतेलाचा डबा काढताना उजव्या खांद्यातून अशी कळ गेली की डबा हातातून निसटला आणि ओटाभर तेल झाले. २७ वर्षे फळ्यावर लिहिणाऱ्या त्या हाताची ही पहिली तक्रार नव्हती. मानेपासून खांद्यापर्यंतचा ताठरपणा दोन-तीन वर्षांपासून होताच. पण आता त्या कुशीवर झोपणेही अशक्य झाले. घरी आणि शिक्षक-कक्षात सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी अभ्यंग सुचवला, कोणी फिजिओथेरपी, भावाने तालमीतील वस्तादांचे नाव घेतले आणि पुण्याच्या मोठ्या मुलीने येथील एका हॉटेलातील स्पाचे कूपन पाठवून दिले. नोव्हेंबर ते मार्च या काळात मी स्वतःसाठी, ८१ वर्षांच्या आईसाठी आणि बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या धाकट्या मुलीसाठी यांपैकी बहुतेक सेवा घेऊन पाहिल्या. त्यांत काय मिळाले, काय मिळाले नाही आणि कोठे इजा झाली, ते येथे लिहीत आहे. केंद्रांची नावे देत नाही, कारण मालिश करणारी माणसे बदलत राहतात आणि पाटीवरच्या नावावरून हाताची पारख होत नाही. कोणता हात चांगला, हे मात्र मला आता बऱ्यापैकी सांगता येते. जो अंगाला लागण्याआधी विचारतो आणि थांबायचे तेथे थांबतो, तो.

सुरुवात जुळे सोलापूर भागातील एका पंचकर्म केंद्रापासून केली. पहिल्या मजल्यावर चार खोल्यांचे साधे केंद्र आहे. तेथील वैद्यबाईंनी पहिल्या दिवशी तेलाला हातच लावला नाही. सुमारे २५ मिनिटे त्या केवळ विचारत होत्या : मधुमेह किती वर्षांचा, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रक्त पातळ करणारे औषध आहे का, अंगात कणकण आहे का, सकाळी काय आणि किती वाजता खाल्ले. शेवटचा प्रश्न मला अनावश्यक वाटला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितले की अजीर्ण असताना, कफाचा विकार वाढलेला असताना किंवा शोधनकर्म (वमन, विरेचन यांसारखी शरीरशुद्धी) नुकतेच झालेले असताना अभ्यंग वर्ज्य आहे, हे आयुर्वेदाने दिनचर्येतच सांगून ठेवले आहे. मग त्यांनी मला दोन्ही कोपरे कमरेला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला वळवायला लावले. डावा सहज वळला. उजवा निम्म्यावर अडला. त्यांनी स्वतः तो हलकेच ढकलून पाहिला, तरी तो पुढे गेला नाही.

त्यावर त्या जे म्हणाल्या, त्यामुळे माझा या केंद्रावर विश्वास बसला. “मान आणि पाठ तेलाने मोकळी होईल. पण खांद्याचा सांधा आखडत चालला आहे, तो तेलाने सुटणार नाही. तुम्ही आधी फिजिओथेरपिस्टना दाखवा, मग इकडे या.” दारात आलेल्या ग्राहकाला दुसरीकडे पाठवणारे दुकान मी आजवर फारसे पाहिलेले नाही. स्नायू दुखत असेल तर आपल्याला हात हलवता येत नाही, पण दुसऱ्याने अलगद हलवला तर तो बहुधा जातो. सांध्याभोवतीचे आवरण जाड होऊन आकसले असेल तर दुसऱ्यानेही तो जात नाही. हा फरक त्यांनी त्या एका ढकलण्यात तपासला होता. ज्याला फ्रोझन शोल्डर म्हणतात तो हा आजार मधुमेह असणाऱ्यांमध्ये इतरांपेक्षा बराच अधिक आढळतो, आणि मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली आहेत.

फिजिओथेरपीचे पुढे लिहिते. आधी अभ्यंगाचे सांगते, कारण मानेसाठी आणि झोपेसाठी मी तो याच केंद्रात सात दिवस घेतला आणि पाच महिन्यांतील सर्वांत समाधानाचा अनुभव तोच होता. खोलीत लाकडी द्रोणी होती, म्हणजे कडेला पन्हळ असलेले लांब मेज, ज्यातून निथळलेले तेल एका टोकाला जमा होते. महानारायण तेलाची वाटी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून तेल कोमट केलेले होते; ज्योतीवर धरलेले नव्हते. सेविकेने ते आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावले, मग माझ्या मनगटाला, आणि विचारले, “चालेल ना?” हाच प्रश्न तिने सातही दिवस विचारला. मालिश डोक्यापासून सुरू झाली. डोके, कान आणि तळपाय या तीन ठिकाणी तेल विशेष जिरवावे, असा आयुर्वेदाचा आग्रह आहे आणि त्याप्रमाणे तेथे घाई नव्हती. त्यानंतर दोन सेविका दोन बाजूंना उभ्या राहिल्या. दंड, मांडी, पोटरी या लांब भागांवर हात सरळ रेषेत जात होते; खांदा, कोपर, गुडघा या सांध्यांवर गोल फिरत होते. दोघींची लय इतकी जुळलेली होती की डोळे मिटल्यावर एकाच माणसाला चार हात असल्यासारखे वाटत होते. आमच्या पूर्व भागातील हातमागांवर दोन्ही बाजूंनी धोटा जातो-येतो, तसे काहीसे.

४५ मिनिटांनंतर स्वेदनाची पेटी होती. डोके बाहेर, बाकी अंग वाफेत आणि कपाळावर गार पाण्याची घडी. माझा रक्तदाब पाहून त्यांनी मला दहाऐवजी सहा मिनिटांतच बाहेर काढले. नंतर डाळीच्या पिठाने तेल काढून गरम पाण्याची आंघोळ. काही दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या आपल्या शहरात प्रत्येकाला दोन बादल्या गरम पाणी देणे ही लहान गोष्ट नाही, याची नोंद करायलाच हवी. पुसायला धुतलेला, उन्हात कडक वाळवलेला सोलापुरी टॉवेल होता आणि त्याला तेलाचा खवट वास नव्हता. एखादे केंद्र पारखायचे असेल तर आधी त्याच्या टॉवेलचा वास घ्यावा, असे मी आता मैत्रिणींना सांगते. तेलाचे टॉवेल नीट उकळून धुतले नाहीत तर तो वास लपत नाही.

लाभ काय झाला? मानेचा ताठरपणा तिसऱ्या दिवसापासून उतरू लागला, हिवाळ्यात भेगाळणारे पाय मऊ झाले आणि मुख्य म्हणजे रात्री तीन वाजता येणारी जाग बंद झाली. हा परिणाम मालिश संपल्यावर साधारण दोन-तीन आठवडे टिकला. विशिष्ट कारण नसलेल्या कंबरदुखीत आणि मानदुखीत मालिशीने काही काळ आराम पडतो, ताण आणि अस्वस्थता कमी होते, इतके आधुनिक वैद्यकही मान्य करते. पण तो आराम कायमचा नसतो आणि बसण्या-उठण्याच्या सवयी बदलल्याशिवाय दुखणे परत येते. माझेही थोडे आलेच.

या केंद्राबद्दल एक तक्रारही आहे. प्रतीक्षा-कक्षात ‘शरीरातील विषद्रव्ये बाहेर काढा’ असे मोठे चित्रफलक लावलेले आहेत. घामावाटे मुख्यतः पाणी आणि क्षार जातात. शरीरातील टाकाऊ द्रव्ये निकाली काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे करतात, आणि तेल चोळून त्या कामाची जागा भरून निघत नाही. ज्या वैद्यबाई तपासणीत इतक्या प्रामाणिक आहेत, त्यांच्या भिंतीवर हे वाक्य शोभत नाही, हे मी त्यांना तोंडावर सांगितले. त्या नाराज झाल्या नाहीत, पण फलक अजून तेथेच आहे.

तेथील इतर उपचारांपैकी शिरोधारा मी एकदा घेतली. टांगलेल्या धारापात्रातून कपाळावर कोमट तेलाची बारीक धार सुमारे अर्धा तास डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा परत अशी फिरत राहते. काटेकोर अर्थाने ही मालिश नव्हे, पण चिंतेने झोप न लागणाऱ्याला ती विसावा देते. माझ्या सहकारी शिक्षकांनी कंबरेसाठी कटिबस्ती घेतली. त्यात उडदाच्या पिठाचे पाळे कमरेवर चिकटवून त्यात गरम तेल भरून ठेवतात. त्यांना बरे वाटले. कोरड्या चूर्णाने केसांच्या उलट दिशेने चोळण्याचा उद्वर्तन हा प्रकार वजन उतरवण्याच्या नावाखाली फार विकला जातो. त्वचेला तो चांगला असेलही, परंतु चालणे आणि जेवणाचे मोजमाप यांना तो पर्याय नाही, हे तेथेच मला सांगण्यात आले.

आता फिजिओथेरपी. सात रस्त्याजवळच्या एका दवाखान्यात मी डिसेंबरपासून आठवड्यातून तीनदा जात आहे. येथे सुगंध नाही, मंद उजेड नाही, पडद्याआड शेजारच्या रुग्णाचे कण्हणे ऐकू येते. पण मालिश हा शब्द वैद्यकीय अर्थाने वापरायचा तर येथील हात सर्वांत नेमके आहेत. आधी १५ मिनिटे शेक. मग तरुण फिजिओथेरपिस्ट ताई मानेच्या आणि खांद्याच्या मधल्या जाड स्नायूत अंगठ्याने एकेक ठिकाण दाबून विचारतात, “इथे दाबल्यावर दुसरीकडे कुठे दुखतंय का?” एका ठिकाणी दाबताच कळ कानामागून कपाळापर्यंत गेली आणि माझ्या अनेक वर्षांच्या डोकेदुखीचा एक धागा तेथे सापडला. अशा बिंदूंना ट्रिगर पॉइंट म्हणतात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी या विषयावर मोठे काम केले, ही माहिती ताईंनीच मला दिली. तेथे त्या दहा-बारा सेकंद स्थिर दाब धरतात, सोडतात, पुन्हा धरतात. कोठेही रगडणे नाही.

आखडलेल्या सांध्यासाठी मात्र मालिश नव्हे, तर मोबिलायझेशन होते, म्हणजे दंडाच्या हाडाचे गोल टोक खांद्याच्या खोबणीत अगदी थोडे सरकवणारे हलके, तालबद्ध झोके. आणि खरा उपचार घरी करायचा व्यायाम. भिंतीवर बोटांनी चढत जायचे, दारावर कप्पी बांधून हात वर ओढायचा, आणि एक लांब टॉवेल पाठीमागून धरून निरोगी हाताने वरून दुखरा हात वर ओढायचा. शेवटच्या व्यायामासाठी ताईंनी विशेष उपकरण घ्यायला सांगितले नाही. “सोलापुरात राहता, घरात टेरी टॉवेल असेलच की,” इतकेच त्या म्हणाल्या. पहिल्या दिवशी माझा अंगठा कसाबसा कमरेच्या नाडीपर्यंत पोहोचला होता. भिंतीवर पेन्सिलीने केलेल्या खुणा मात्र दर आठवड्याला बोट-दीड बोट वर सरकत आहेत. हा आजार आधी वेदनेचा, मग आखडण्याचा आणि शेवटी हळूहळू सुटण्याचा, अशा टप्प्यांनी जातो आणि पूर्ण बरे व्हायला पुष्कळदा वर्ष-दोन वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. खोटी आशा न देणे हीदेखील सेवाच आहे.

हॉटेलातील स्पाबद्दल मला चांगले लिहिता आले असते तर आनंद झाला असता, कारण कूपन मुलीने प्रेमाने पाठवले होते. जागा स्वच्छ होती, वागणूक सौजन्याची होती आणि स्त्रियांसाठी स्त्री-सेविकाच होती. कार्डावर स्वीडिश, डीप टिश्यू, बालिनीज, थाई, अरोमा, हॉट स्टोन अशी अकरा नावे होती. मी चौकशी केली तेव्हा कळले की ही सर्व एकच मुलगी करते आणि तिचे प्रशिक्षण सहा आठवड्यांचे आहे. यातील प्रत्येक पद्धत स्वतंत्रपणे शिकण्याची आहे. स्वीडिश मसाज म्हणजे सरकता हात, मळणे, घासणे, थोपटणे आणि कंप या पाच क्रियांची मांडणी. नाव स्वीडनचे असले तरी तिला व्यवस्थित रूप एकोणिसाव्या शतकात योहान गेओर्ग मेट्सगर या डच डॉक्टरांनी दिले आणि त्या क्रियांची नावे आजही फ्रेंच आहेत. थाई मसाजात तर तेल लागतच नाही. सैल कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर झोपायचे आणि करणाऱ्याने तळहात, कोपर, गुडघे यांनी दाब देत आपले अंग ताणायचे, अशी ती विद्या आहे. २०१९ मध्ये युनेस्कोने तिचा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. मेजावर तेल लावून पाय दोनदा ताणले म्हणजे थाई मसाज झाला, असे नव्हे.

माझे कूपन डीप टिश्यूचे होते. आत जाताना एका कागदावर सही घेतली, पण मी काय औषधे घेते हे कोणी विचारले नाही. मी रोज ॲस्पिरिनची कमी मात्रेची गोळी घेते, आणि अशा माणसाच्या अंगावर कोपराने खोल दाब दिला तर त्वचेखाली रक्त साकळू शकते. “दुखतंय,” असे मी दोनदा म्हटले. “मॅडम, दुखलं तरच गाठ सुटते,” असे उत्तर आले. हे खरे नाही. दुखणे सहनशक्तीपलीकडे गेले की स्नायू स्वतःला वाचवण्यासाठी अधिकच आवळला जातो. मलाही त्या वेळी उठून बसायचा धीर झाला नाही आणि पुढे दहा दिवस पाठीवर दोन्ही बाजूंना निळे-काळे डाग राहिले. निघताना आणखी एक गोष्ट ऐकायला मिळाली की आता स्नायूंतील लॅक्टिक ॲसिड निघून गेले. व्यायामाने स्नायूंत वाढलेले हे द्रव्य, म्हणजे लॅक्टेट, साधारण तासाभरात शरीर स्वतःच संपवते. त्यासाठी मसाज लागत नाही, आणि दुसऱ्या दिवशीचे अंगदुखणेही त्यामुळे नसते. त्या मुलीला मी दोष देत नाही. तिला जे शिकवले तेच तिने सांगितले. दोन ग्राहकांमध्ये दहा मिनिटांचेही अंतर न ठेवणाऱ्या आणि प्रश्न विचारायला न शिकवणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

आईच्या पायांचा अनुभव याहून वाईट होता. नवी पेठेतून येताना एका ठिकाणी पायांची मालिश करून देतात असे पाहून आम्ही थांबलो. तळपायाच्या नकाशावर कोणता बिंदू कोणत्या अवयवाचा, हे दाखवणारे चित्र भिंतीवर होते. तळव्याचा एखादा भाग दाबल्याने यकृत किंवा मूत्रपिंड सुधारते याला भक्कम पुरावा नाही. पाय दाबून घेतल्याने बरे वाटते, हे मात्र निश्चित. आईला २२ वर्षांचा मधुमेह आहे आणि तिच्या तळव्यांची जाणीव बरीच गेलेली आहे. तेथील माणसाने गरम पुरचुंडी थेट तिच्या टाचेला लावली. तिला कळलेच नाही. घरी आल्यावर मोजे काढताना फोड दिसला आणि तो भरून यायला पाच आठवडे लागले. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात किंवा बधिरपणा आहे, त्यांच्या पायांना कोणताही शेक देण्याआधी दुसऱ्याच्या हाताने उष्णता तपासलीच पाहिजे, आणि मालिशीआधी तळवे उजेडात डोळ्यांनी पाहिले पाहिजेत. पुढे पंचकर्म केंद्रात आईचा पादाभ्यंग झाला तेव्हा सेविकेने बोटांच्या बेचक्यासुद्धा उघडून पाहिल्या, तेल नुसते कोमट ठेवले आणि काशाची वाटी हलक्या हाताने फिरवली. मधुमेही माणसासाठी दोन ठिकाणांमधला फरक इतकाच असतो आणि इतका मोठा असतो.

पुरुषांच्या सेवांबद्दल मी केवळ भावाकडून ऐकलेले सांगू शकते. तालमीतील वस्तादांची मालिश कसलेल्या, तरुण शरीरासाठी आहे. हौद्यातील मेहनतीनंतर पहिलवान एकमेकांना रगडतात तो जोर ५५ वर्षांच्या, कचेरीत बसणाऱ्या माणसाने मागू नये. वस्तादांनीच त्याला परत पाठवले, ही त्यांची थोरवी. केशकर्तनालयातील चंपी मात्र भाऊ नियमित घेतो. आपल्या या चंपीनेच जगाला ‘शाम्पू’ हा शब्द दिला. पाटण्याचे साके दीन महोमेद यांनी एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील ब्रायटनला जाऊन तेथे ही सेवा सुरू केली होती. डोक्याची चंपी अवश्य घ्यावी, पण शेवटी मान झटक्याने दोन्हीकडे मोडून आवाज काढण्याची जी प्रथा आहे ती घेऊ नये. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात झाल्याच्या घटना वैद्यकीय नोंदींत आहेत.

सर्वांत शेवटी जी सेवा आमच्या घरी आली, तिला पाटी नाही, कार्ड नाही. पूर्व भागातील एक मावशी. मातृभाषा तेलुगू, मराठी अस्खलित, लग्नाआधी विड्या वळत असत आणि गेली ३० वर्षे बाळंतिणींची आणि बाळांची मालिश करतात. जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, धाकटीचे सिझेरियन झाले. मावशींनी पहिल्याच दिवशी तिला सांगितले की टाके पूर्ण भरून डॉक्टर हो म्हणेपर्यंत पोटाला हात लावणार नाही. पाठ, हात आणि पाय तेवढे करीन. बाळाला खोबरेल तेल, खोलीची दारे बंद, आणि हाताखाली “मेल्लगा, मेल्लगा” (तेलुगूत ‘हळू, हळू’) असे स्वतःलाच सांगत चाललेली बोटे. पूर्वी त्या बाळाच्या नाकात आणि कानांत तेलाचे थेंब घालत आणि नाक ओढून सरळ करत. बालरोगतज्ज्ञांनी समजावल्यावर त्यांनी ते सोडले. अनुभवी माणसाने सवय बदलणे किती कठीण असते, हे शिक्षिका म्हणून मला ठाऊक आहे. आजी म्हणून मी त्यांची त्याबद्दल ऋणी आहे.

नवव्या दिवशी त्यांनी धाकटीच्या डाव्या पोटरीला हात लावला आणि लगेच काढला. दुसरी पोटरी पाहिली. पुन्हा पहिलीवर तळहाताची मागची बाजू टेकवली. “हा पाय गरम आहे आणि सुजलाय. याला मी तेल लावणार नाही. आत्ताच दवाखान्यात न्या,” असे म्हणून त्यांनी तेलाची वाटी झाकून ठेवली. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉपलर तपासणीत खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. बाळंतपणानंतर, विशेषतः शस्त्रक्रियेनंतर, हा धोका वाढलेला असतो आणि अशी पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. ते जिवावर बेतते. धाकटीला वेळेवर इंजेक्शने मिळाली आणि ती आता ठीक आहे. शरीरविज्ञानाचे पुस्तक कधी न उघडलेल्या बाईच्या तळहाताच्या मागच्या बाजूला हे कळले. घरात बाळंतीण असेल त्या प्रत्येकाने एवढे ध्यानात ठेवावे : एकच पाय सुजला, तापला, दुखला, तर मालिश नाही, दवाखाना.

एका प्रकाराबद्दल सोलापुरात फारच थोड्यांना माहिती आहे, म्हणून तोही सांगते. माझ्या एका सहकारी शिक्षिकेची स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतील गाठी काढल्या आणि काही महिन्यांनी तिचा हात सुजू लागला. नातेवाइकांनी सूज उतरवण्यासाठी तेलाने जोरात चोळायला सुरुवात केली, तेव्हा सूज वाढली. ही लसीकेची (लिम्फ या शरीरद्रवाची) सूज असते आणि तिच्यासाठी वेगळीच पद्धत आहे, जी डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या दांपत्याने १९३० च्या दशकात विकसित केली. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्ट तिचा हात करताना मी शेजारी बसले होते. दाब इतका हलका की केवळ त्वचा किंचित ताणली जावी. तेल नाही, आणि सुरुवात हातापासून नव्हे, तर मानेपासून आणि छातीपासून, म्हणजे आधी पुढची वाट मोकळी करायची. नंतर थरांची पट्टी घट्ट बांधली. महिनाभरात तिच्या बांगड्या पुन्हा हातात गेल्या. मालिश म्हणजे जोर, ही समजूत माझ्या मनातून पूर्ण गेली ती त्या दिवशी.

खर्चाचे थोडक्यात : अभ्यंग आणि स्वेदन मिळून एका वेळचे १,१०० रुपये, सात दिवसांचे एकदम भरल्यास ७,०००; शिरोधारा १,३००; फिजिओथेरपी दर वेळी ४००; स्पाचे कूपन २,४०० रुपयांचे; आणि मावशींचे आई-बाळ दोघांचे रोजचे ३०० रुपये, जे त्यांच्या कामाच्या मानाने मला कमी वाटले, म्हणून आम्ही बारशाला लुगडे आणि वर काही रक्कम दिली. उन्हाळ्यात पंचकर्म केंद्रात जायचे असेल तर सकाळी आठच्या आतली वेळ घ्यावी. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४० च्या पुढे जातो, आणि दुपारच्या वेळी वाफेच्या पेटीत बसणे वयस्करांना झेपत नाही. जाताना चालू औषधांची यादी कागदावर लिहून न्यावी आणि कोणी विचारले नाही तरी ती पुढे करावी. मी स्पामध्ये तेवढे केले असते तर पाठीवरचे डाग टळले असते.

पंचकर्म केंद्राकडे मी अजून महिन्यातून एकदा जाते, आता आईला घेऊन. तेथील जिन्याला कठडा नाही आणि चौदा पायऱ्या आहेत. सांधे दुखणारी माणसेच जेथे येतात तेथे ही मोठी उणीव आहे, असे मी अभिप्राय-वहीत लिहिले होते. परवा गेलो तेव्हा कठडा बसलेला नव्हता. परंतु आमची रिक्षा थांबताच तीच सेविका खाली रस्त्यावर आलेली दिसली. आईचा हात धरण्याआधी तिने विचारले, “आजी, कोणता गुडघा दुखतोय आज?” आणि मग त्या बाजूला जाऊन उभी राहिली.